पाच मिलिलीटर

बेथन म्हणते, सगळं मोजायचं.
चहा, आमटी, दह्यावरचं पाणी,
गोळी गिळतानाचा घोटसुद्धा.
दिवसाला पाऊण लिटर, वर थेंब नाही.
मी विचारलं, आणि तीर्थ?
तीर्थ म्हणजे काय, हे इंग्रजीत सांगताना घाम फुटला.
तिने शांतपणे लिहिलं : एक चमचा, पाच मिलिलीटर.
तेव्हापासून माझा देव
आहाराच्या तक्त्यात राहतो,
सकाळच्या रकान्यात, अर्ध्या कप चहाच्या वर.

केळं बंद. नारळ बंद.
खजूर, अंजीर, पंचामृत बंद.
म्हणजे नैवेद्य आता खरोखर त्यानेच खायचा.
इतकी वर्षं त्याच्या नावाने आम्ही जेवलो,
म्हटलं, बघू तरी याला भूक किती.
संध्याकाळी ते केळं
शेजारची ग्लेनिस खाते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार.
स्वान्झीच्या या टोकाला समुद्र दिसत नाही,
टायरच्या दुकानामागे बैठी इमारत,
पत्र्यावर समुद्रपक्ष्यांची नखं.
चार तास रक्त बाहेर जाऊन येतं,
धुतलेलं, जरासं गार.
आमचे अण्णा सोवळ्यातले;
कुणी शिवलं की पुन्हा आंघोळ.
मी आठवड्यातून तीनदा आतून न्हाते
आणि सुया टोचते कोट्टयमची लिन्सी,
वाकली की गळ्यातला क्रूस
माझ्या कोपराला लागतो.
ती शिवते म्हणून मी आहे, अण्णा.

डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून दिलीय.
तिथे रक्त घुमतं.
लिन्सीची ताकीद : रोज उठल्यावर ऐकायचं,
आवाज थांबला तर लगेच फोन.
पूर्वी मी माळ ओढायची.
आता बोटं आखडतात, मणी निसटतात.
म्हणून उशीवर हात, हातावर कान.
घूं घूं घूं.
नाम मी घेत नाही. ते चालूच असतं.
मी फक्त हजेरी लावते.

गेली संकष्टी शुक्रवारी आली.
उपास करायचा नाही, डॉक्टरांनी बजावलेलं.
मग ठरवलं, आज कुरकुरीचा उपास.
चंद्रोदय रात्री अकरा सत्तावन्नला, तोही ढगांमागे.
माझा उपास दुपारी अडीचलाच मोडला.

सहाव्या खुर्चीत एमलिन असायचा.
तीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर,
रविवारी चॅपलमध्ये खर्जातला आवाज.
देवाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
रग्बी, गुडघे, पोटॅशियम.
एकदा त्याचं ब्लड प्रेशर कोसळलं,
ओठ पांढरे, लिन्सी धावली,
तेव्हा मी त्याच्यासाठी मागितलं. जोर लावून.
मार्चमध्ये, रात्री दोनला,
त्याला फोन आला. मूत्रपिंड. जुळलं.

मला आनंद झाला.
दुसरं जे झालं तेही लिहिते.
देवासमोर बसून मी म्हटलं,
अरे, एका खुर्चीने चुकलास.
सहावी त्याची. सातवी माझी.
त्या दिवशी दिवा नाही, तीर्थ नाही.
पाच मिलिलीटर शिल्लक पडले.
रात्री तेवढंच पाणी जास्त प्यायले.
तहान तेवढीच होती.
सकाळी पळी पुन्हा हातात घेतली,
समजूत पटली म्हणून नव्हे. सवयीने.

सहावीत आता रीस आहे. बावीस वर्षांचा,
मानेवर ड्रॅगन, सुईकडे बघत नाही.
काल विचारत होता,
हे रात्रभर उशीतून ऐकू येतं, थांबत नाही का कधी?
म्हटलं, थांबू नये रे.
कपाळाला आठ्या घालून बसला.
मग सुया टोचायच्या आधी
हळूच हात उचलून कानाशी नेला,
फोन धरावा तसा.
कोण बोलतंय, मी गमतीने विचारलं.

त्याने दुसऱ्या हाताचं बोट
ओठांवर ठेवलं.